दादाची पुडी

माझा खोकला बॅचबरोबर यायचा आणि बॅचबरोबर जायचा. एवढी साधी गोष्ट ओळखायला मला दोन वर्षं लागली. ती ओळखू नये अशी सोय कुणीतरी केली होती, हे त्यानंतर कळलं.

वाटूरपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं शेत आहे. त्यात दोन एकर तुती आणि बांधाला लागून रेशीम किड्यांचं शेड. रेशमाचं काम ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बारीक अळ्या आणायच्या, रॅकवर पसरायच्या, दिवसातून तीनदा तुतीचा पाला टाकायचा. अळ्या चार वेळा कात टाकतात. शेवटच्या कातेनंतर त्या जे खायला लागतात त्याला हिशेब नाही. मग त्या कोष करतात, कोष वेचायचे, बॅच संपली. पुन्हा शेड धुवायचं, चुना मारायचा, नवी बॅच आणायची. यात सगळ्यात वाईट काम म्हणजे खालचा थर काढणं. वाळलेला पाला, विष्ठा, काता, चुना, सगळं एकत्र झालेलं असतं. ते काढताना शेडमध्ये धूळ उठते. ते काम माझ्याकडे होतं. प्रणिताचे बाबा पाला तोडायचे, मी आत. प्रणिता आमची एकुलती मुलगी, जालन्याला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते.

चौथ्या का पाचव्या बॅचपासून असं व्हायला लागलं, की सकाळी थर काढला की दुपारनंतर हुडहुडी भरायची, ताप यायचा, छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं वाटायचं. खोकला कोरडा. परतूरच्या डॉक्टरांनी मलेरिया पाहिला, टायफॉईड पाहिला, शेवटी टीबीचीही तपासणी झाली. काही निघालं नाही. बॅच संपली की मी आपोआप बरी व्हायचे, त्यामुळे पुढे कुणी गेलंच नाही.

दादा

दादा माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. माझी फी, माझ्या वह्या, माझं लग्न सगळं त्यानंच केलं. वाटूरला एका डॉक्टरांकडे त्यानं तीस वर्षं कंपाउंडर म्हणून काम केलं. डॉक्टर म्हातारे झाले, मुलाकडे निघून गेले, दवाखाना बंद पडला. पण लोक दादाकडे येतच राहिले. फाट्यावर त्याला अजून ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारतात. तो कधी म्हणाला नाही की मी डॉक्टर नाही.

आईला दमा होता. शेवटची काही वर्षं तिला स्टेरॉईडची गोळी चालू होती. तिचा चेहरा सुजून गोल झाला, हाडं ठिसूळ झाली, साध्या शिंकेनं बरगडी मोडली. तिची सेवा मी केली. ती गेली त्या दिवशी मी दादासमोर म्हणाले होते, “मला काय बी होऊ दे, ही गोळी मी तोंडात घालणार न्हाई.” त्यानं ते नीट ऐकलं होतं.

माझा खोकला थांबेना तेव्हा एके दिवशी तो शेतावर आला. माझी छाती त्याच्या जुन्या नळीनं तपासली आणि म्हणाला, “हिंगोलीकडं एक वैद्य हायेत. जडीबुटीवाले. तिकडून पुडी आणतो तुह्यासाठी.”

“काही साईड इफेक्ट?”

“आयुर्वेदाला कसला साईड इफेक्ट? सकाळी मधात घ्यायची. अन् डॉक्टरला सांगायचं न्हाई. ते लोक हसतात.”

वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या छोट्या पुड्या होत्या. करड्या रंगाची पूड, सुंठीचा वास, आणि मधातूनही जिभेवर राहणारा एक कडूपणा. तिसऱ्या दिवशी मी पूर्ण शेडचा थर एकटीनं काढला. ताप नाही, खोकला नाही. मला रडू आलं. मी दादाला फोन करून सांगितलं, “देवमाणूस हायेत तुझे वैद्य.” तो हसला. त्या हसण्यात मला तेव्हा फक्त आनंद दिसला.

चांगली तब्येत

पुढची जवळजवळ दोन वर्षं मी ठणठणीत होते, म्हणजे तशी दिसत होते. भूक इतकी लागायची की दोन भाकरींवर तिसरी खायची. गाल भरले. हळदी-कुंकवाला गेले की बायका म्हणायच्या, “कमल, अंगानं भरली गं, मानवलं तुला रेशीम.” मला बरं वाटायचं.

दंडावर आपोआप निळे डाग पडायचे. रॅकला घासलं असेल, असं मी म्हणायचे. पोटावर जांभळे पट्टे आले. उकिडवं बसलं की उठताना हाताचा आधार घ्यावा लागायचा. मी त्रेचाळीस वर्षांची, आणि जमिनीवरून उठताना रॅकचा पाय धरायचे. रक्तातली साखर वाढली. हे सगळं मी दादाला सांगत होते. तो म्हणायचा, “वय झालं की आता आपलं.”

तो रोज सकाळी फोन करायचा. “पुडी घेतली का?” एक दिवस चुकायचा नाही. मला वाटायचं, वडिलांच्या जागी भाऊ असतो तो असा. मी प्रणिताला सांगायचे, बघ, मामा कसा आहे.

पुड्या संपल्या

दादाची मुलगी नाशिकला दिलेली. तिच्या बाळंतपणासाठी दादा आणि वहिनी तिकडे गेले. जाताना त्यानं वीस पुड्या दिल्या. बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, त्यांचा मुक्काम वाढला. विसाव्या दिवशी मी फोन केला.

“दादा, पुडी संपली. त्या वैद्यांचा पत्ता दे, प्रणिताचे बाबा जाऊन आणतील.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“ते सध्या न्हाईत तिथं,” तो म्हणाला. “थांब दोन-चार दिवस. मी येऊन राह्यलो.”

दुसऱ्या दिवशी तोच फोन. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी “आराम कर, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घे, जास्त उठू नको.” माझ्या लक्षात आलं नाही, की ताप-खोकल्याच्या माणसाला हा असा सल्ला का देतोय. पण त्याच्या लक्षात सगळं होतं.

आमच्या अळ्या तेव्हा शेवटच्या कातेतून उठलेल्या. चौथ्या दिवशी सकाळपासून मला उलट्या होत होत्या. तरी मी शेडमध्ये गेले, थर काढायला वाकले आणि उठलेच नाही. शुद्ध होती, पण पायात जीव नव्हता. श्वास अर्ध्यातच संपत होता. मी प्रणिताच्या बाबांना हाक मारायचा प्रयत्न केला तर आवाजच फुटेना. ते पाल्याचा भारा घेऊन आत आले तेव्हा मी रॅकखाली पडले होते.

शेजारच्यांच्या जीपमध्ये घालून मला जालन्याला नेलं.

दवाखान्यात

अतिदक्षता विभागातले पहिले दोन दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. नाकावर मास्क, त्याचा रबराचा वास. कुणीतरी सारखं बीपी घेतंय आणि “अजून लागत नाही” म्हणतंय. प्रणिताचा हात. तिच्या बोटांना प्रयोगशाळेतल्या कसल्यातरी औषधाचा वास येत होता. ती प्रॅक्टिकल सोडून तशीच आली होती.

प्रणिताचे बाबा मला भरती करून त्याच दिवशी परत गेले. अळ्यांना पाला टाकायचा होता. सहा दिवस ते आले नाहीत. फोनवर विचारायचे, “कसं हाय?” मागून अळ्या पाला खातात तो चरचर आवाज येत राहायचा. पाचव्या दिवशी मी प्रणिताला म्हणाले, “फोन ठेवून दे. तिकडं सगळं ठीक चाललंय, ऐकू येतंय मला.” इतकं टोचून मी कधी बोलत नसे.

शेजारच्या कॉटवर मंठ्याकडची एक म्हातारी होती. तिच्या घरून गरम पाण्याचा थर्मास यायचा. पहिला कप ती मला द्यायची, न विचारता. मला काय झालंय हे तिनं एकदाही विचारलं नाही. त्या दिवसांत एवढंही खूप होतं.

डॉक्टर मॅडम तिशीतल्या असतील. रोज राउंडला येऊन त्या एकच प्रश्न विचारायच्या.

“ताई, आधी कुठलं औषध चालू होतं?”

“काही नाही.”

“झाडपाल्याचं? पूड, चूर्ण, काढा?”

“न्हाई.”

दादानं सांगितलं होतं, डॉक्टरला सांगायचं नाही. मरता मरताही मी त्याचा शब्द पाळत होते.

तिसऱ्या दिवशी त्या कॉटवर बसल्या. माझा दंड उलटा करून निळे डाग पाहिले. म्हणाल्या, “तुमच्या शरीरात एक गोष्ट तयार होते, जिच्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही. तुमच्या रक्तात ती जवळजवळ नाहीच. असं बहुतेक वेळा तेव्हा होतं, जेव्हा तीच गोष्ट कुणीतरी बाहेरून खूप दिवस देत असतं आणि मग एकदम थांबवतं. आम्ही अंदाजानं ते इंजेक्शन सुरू केलं म्हणून तुम्ही बोलताय. मी रागावणार नाही. पण मला सांगा.”

मी प्रणिताला माझी पिशवी आणायला सांगितली. तळाशी शेवटच्या पुडीचा कागद होता, घडीत थोडी पूड राहिलेली.

“कोण देतं?”

“हिंगोलीकडचे वैद्य हायेत.”

“नाव?”

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की ज्या माणसाचं औषध मी दोन वर्षं रोज घेतलं, ज्याला देवमाणूस म्हणाले, त्याचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

निरोप

मॅडमनी मला आणि प्रणिताला समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर चूक माझी.

फुफ्फुसात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही आत आलं की त्या काही रसायनं सोडतात. तोच त्यांचा निरोप. तो मिळाला की रक्तातून दुसऱ्या पेशी तिकडे धावतात, सूज येते, झुंज होते. जंतू असला तर हे आपल्या भल्याचं. माझ्या छातीत जात होती ती अळ्यांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ. ती जंतू नव्हे. कितीतरी बायका तीच धूळ खातात, त्यांना काही होत नाही. माझ्या पेशींनी मात्र तिला शत्रू ठरवलं होतं. दर बॅचला निरोप जायचा, दर बॅचला फौज यायची, आणि मार खायचं माझंच फुफ्फुस.

मी विचारलं, “मंग पुडीनं बरं कसं वाटलं?”

“पुडीत जे होतं त्यानं निरोप दाबले,” मॅडम म्हणाल्या. “बहुतेक स्टेरॉईड. धूळ तशीच आत जात राहिली, थोडं थोडं नुकसान होत राहिलं. तुम्हाला कळणं तेवढं बंद झालं. तेव्हाच ताप-खोकल्याचा माग काढला असता, तर कामातून बाहेर पडून तुम्ही गोळीशिवायही बऱ्या झाला असता कदाचित.”

आणि मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या आपलं आपण हेच द्रव्य रोज बनवतात. बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या काम सोडून देतात. पुडी थांबली तेव्हा आतलं कधीच बंद झालेलं होतं, म्हणून बीपी पडलं. मीठ-साखरेचं पाणी त्याच्यासाठी होतं.

सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या काही भागात जाळी दिसत होती. तो भाग आता परत मऊ होणार नाही. मॅडमनी तो शब्द हळूच उच्चारला, “कायमचा.” प्रणिता बाहेर निघून गेली. मी छताच्या पंख्याकडे बघत पडले. स्टेरॉईड हा एकच शब्द डोक्यात होता. आणि दादाचा रोजचा फोन. पुडी घेतली का?

मोसंबी

मी त्याला फोन केला नाही. प्रणितानं केला. तिनं एवढंच सांगितलं, “मामा, आईला सगळं कळलंय.” दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, नाशिकहून थेट. हातात मोसंब्यांची पिशवी. मला तोवर साध्या वॉर्डात हलवलं होतं. स्टुलावर बसला आणि मोसंबी सोलायला लागला. त्याला इतकं म्हातारं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“दादा, वैद्याचं नाव काय?”

त्यानं साल पिशवीत टाकली. “न्हाई कोणी वैद्य.”

“मंग पुडी?”

“म्या कुटायचो. घरी, खलबत्त्यात. सुंठ, ज्येष्ठमध अन् गोळी.”

“कोणती गोळी?”

“आईचीच,” तो म्हणाला.

मला ओरडायचं होतं, पण ओरडण्याइतका श्वासच नव्हता. मी हळू बोलले, आणि तेच त्याला जास्त लागलं असेल.

“तुला माहीत व्हतं, मी काय म्हणाले व्हते.”

“म्हणूनच. नाव सांगितलं असतं तर तू घेतली असती का?”

“न्हाई.”

“मंग काय करायला पाहिजे व्हतं म्या? बघत बसू? तुला खोकताना बघवत नव्हतं मला. दोन महिने देऊ म्हणलं, मंग हळूहळू कमी करू. तू एवढी खुश झाली की... कमी करायचं म्हणलं की तुला पुन्हा धाप लागायची. मंग न्हाई झालं मह्याच्यानं.”

“ते सोड. नाशिकहून फोनवर गोळीचं नाव का सांगितलं न्हाई? परतूरच्या कोणत्या बी मेडिकलात मिळाली असती. एका शब्दाचं काम व्हतं.”

तो मोसंबीवरचे पांढरे दोरे काढत राहिला.

“एकदम बंद केलं की काय होतं हे तुला माहीत व्हतं का न्हाई? तीस वर्षं दवाखान्यात काढली तू.”

“माहीत व्हतं.”

“मंग?”

“मला वाटलं, चार दिवस निघतील. तोवर मी येतो.” त्यानं सोललेली मोसंबी माझ्यापुढे धरली. “नाव सांगितलं असतं तर तू मला तोंड दाखवू दिलं नसतं, कमल.”

म्हणजे माझा जीव आणि त्याचं तोंड या दोन्हींत त्यानं चार दिवस तोंड वाचवलं. हे मी त्याला म्हणाले नाही. मोसंबीही घेतली नाही.

तो उठता उठता पुटपुटला, “बाकीच्यांना तर काही झालं न्हाई अजून.”

“बाकीचे कोण?”

तो बोलून फसला होता. मी मनगट धरलं त्याचं. चार जणांना तो पुडी देत होता. फाट्यावरचे एक चहावाले काका, शेजारच्या गावातले नवरा-बायको, आणि पारूमावशी. पारूमावशी आईची मैत्रीण, पंचाहत्तरीला आलेली, गुडघेदुखीसाठी पुडी घ्यायची.

“डॉक्टरला सांगू नको,” तो म्हणाला. “मह्या तोंडाला काळं लागंल. मी आजच जाऊन सगळ्यांच्या बंद करून टाकतो.”

“एकदम बंद करणार? मह्यासारखं?”

तेव्हा तो खाली बसला आणि रडला. मी त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा रडताना पाहत होते. पहिल्यांदा वडील गेले तेव्हा, आणि तेव्हा त्यानं मला कडेवर घेतलं होतं. मला वाटलं होतं, आत्ता मला त्याची कीव येईल. आली नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं, की यानं आता जावं.

त्या दिवशी राउंडला मॅडमनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं, “नात्यातल्या एकानं दिली.” नाव घेतलं नाही. आणखी काही लोक घेतात, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यांना इथे आणा. पुडी स्वतःहून थांबवू देऊ नका. एक दिवसही नाही.”

घरी

अठराव्या दिवशी घरी आले. प्रणिताच्या बाबांनी शेड रिकामं केलं होतं. रॅक खोलून पत्र्याला उभे लावलेले. अंगणात त्यांनी वेगळी बादली आणि दोरी लावली होती. शेतातून आलं की बाहेरच अंघोळ, बाहेरच कपडे. मला कुणी सांगितलं नव्हतं, प्रणितानं त्यांना फोनवर समजावलं होतं.

पहिले दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या गोळ्यांचा डबा घेऊन बसले. चष्मा लावून कागदावरचं वाचून वारांप्रमाणे गोळ्या लावत होते. मान वर न करता म्हणाले, “त्या अळ्या मरू दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

मी म्हणाले, “हाव.”

“मला वाटलं, तू बरी होऊन येशील अन् विचारशील, बॅच काऊन सोडली.”

मी खरंच विचारलं असतं. ते आठवून माझा राग थोडा उतरला. पूर्ण नाही. अजूनही पूर्ण नाही.

मी आता तीच गोळी घेते, आईची. रोज सकाळी, उघड्यावर, पाकिटावरचं नाव वाचून. दर काही आठवड्यांनी मॅडम ती थोडी कमी करतात. माझ्या ग्रंथी जाग्या होतायत का हे रक्त तपासून बघतात. जिना चढताना मध्ये थांबते. गालांची सूज उतरतेय. बायका म्हणतात, “वाळलीस गं,” आणि मला बरं वाटतं.

ज्यांच्या घरी कुणी दम्याची, सांध्याची, अंगदुखीची पुडी घेत असेल त्यांच्यासाठी लिहिते. दोन दिवसांत चमत्कार झाला तर घाबरा. आत काय आहे ते विचारा. सांगत नसतील तर पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा, पण मनानं एकदम सोडू नका. आणि डॉक्टरला सांगू नको असं जो म्हणतो, तो कितीही जवळचा असला तरी त्याचं ऐकू नका. शेवटची गोष्ट लिहायला सोपी आहे. मला ती जमली नव्हती.

पारूमावशी

घरी आल्यावर आठवड्यानं प्रणिताच्या बाबांनी मला गाडीवर मागे बसवून वाटूरला नेलं. चहावाल्या काकांनी ऐकून घेतलं, म्हणाले मुलाला घेऊन जातो, आणि गेलेही. नवरा-बायकोनं दार उघडलं, पण आत बसायला बोलावलं नाही.

पारूमावशी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. त्यांचा चेहरा गोल, तुकतुकीत. मला बघून म्हणाल्या, “ये गं बाई. कशी हाय तब्येत?”

मी सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत राहिल्या.

“तुह्या दादानं सांगितलं मला,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हणला, कमल लई आजारी होती, दवाखान्याच्या औषधानं तिच्या डोक्यावर परिणाम झाला. येऊन काही बी सांगंल, मनावर घेऊ नको.”

पुडीचं मी समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, खरंच करत होते. रोज स्वतःला सांगत होते, माझ्यासाठीच केलं त्यानं. आणि मी अजून जिना चढू शकत नसताना त्यानं गावभर मला वेडी ठरवून ठेवलं होतं.

“मावशी, मी वेडी दिसते का?”

“न्हाई गं. पण त्याच्या पुडीनं मी चालून राह्यले. दोन वर्षं उठता येत नव्हतं मला.”

मी पदर सरकवून दंड दाखवला. निळे डाग अजून होते, काही पिवळे पडत चाललेले. मावशींनी बघितलं. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मग स्वतःच्या लुगड्याचा पदर खांद्यावरून ओढला आणि दंड माझ्यापुढे केला. कागदासारखी कातडी, आणि तिच्याखाली तसेच डाग, माझ्यापेक्षा मोठे.

“हे काय हाय मंग?” त्यांनी विचारलं. “मी म्हणलं, म्हातारपण.”

“चला मह्यासोबत. पुडी रोजच्यासारखी घ्या, अन् चला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसनं जालन्याला गेलो. मावशींनी कमरेच्या पिशवीत तीन पुड्या आणल्या होत्या. दवाखान्यात मॅडमनी त्यांना तपासलं, पुड्या टेबलावर ठेवून घेतल्या, आणि एक फॉर्म पुढे ओढला.

“आजी, ही पूड तुम्हाला कोण देतं?”

मावशींनी मॅडमकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. प्रणिताचे बाबा दाराशी उभे होते, तेही माझ्याकडेच बघत होते.

“मी सांगते,” मी म्हणाले.

“पूर्ण नाव सांगा.”

मी दादाचं नाव सांगितलं. मग वडिलांचं नाव. मग आडनाव. मॅडम लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला. त्यांनी माझी फाईल ओढून त्यावर भरती करताना लिहून घेतलेलं माझं माहेरचं नाव वाचलं, आणि वर पाहिलं.

“हो,” मी म्हणाले. “एकच वडील.”